एकेचाळीस जोड

१

सोमवारी संग्रहालय बंद असतं आणि लवंगीचं तोंड मात्र सोमवारीच सगळ्यांत जास्त चालू असतं. बघे नाहीत, शाळेच्या सहली नाहीत, त्यामुळे ‘बाई, जरा हळू’ म्हणायला कुणी नसतं. हातांत पांढरे सुती मोजे, कपाळावर दिवा, समोर टेबलावर कुठल्यातरी दूरच्या मुलखातल्या माणसाचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे जोडे, आणि तोंडाने साहेबाचा उद्धार. सोळा वर्षांच्या नोकरीत चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. एरवी सगळे तिला लवंगी म्हणत, मिरचीवरून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

संग्रहालय जगभरच्या पोशाखांचं. खालच्या दालनांत झगे, अंगरखे, टोप्या, पिसांचे डगले. लवंगीकडे होतं ते फक्त पायातलं. दुसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला एक लांबट खोली, तीन भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांना उथळ खण आणि प्रत्येक खणात एक जोड. बर्फाच्या मुलखातले सीलच्या कातड्याचे बूट, दलदलीच्या गावांतले लाकूड कोरून केलेले जोडे, पेंढा वळून केलेल्या चपला, न्हाणीघरात घालायच्या वीतभर उंच खडावा आणि त्यांवर जडवलेले शिंपले, दोरीच्या तळाचे, रेशमी वेलबुट्टीचे, तळव्याच्या मधोमध एकच उंच टाच असलेले. सगळे मिळून एकेचाळीस जोड. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर फोटो आणि तळाची जाडी. दर वर्षी जोड काढायचा, मऊ ब्रशने झटकायचा, आतले कागदी बोळे बदलायचे, जाडी मोजायची, कार्डावर नवी तारीख टाकायची.

त्या सोमवारी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. साहेबाने तिला एका शब्दाने न विचारता एकेचाळीसच्या एकेचाळीस जोड परदेशी पाठवायचं कबूल करून टाकलं होतं. तीन देशांत, तीन वर्षं, एकामागून एक प्रदर्शनं. गुरुवारी ट्रक येणार. मागच्या आठवड्यात ती दोन दिवस तापाने घरी होती, तेवढ्यात चाळीस जोडांची खोकीसुद्धा ठोकून झाली. ती परत आली तेव्हा टेबलावर चाळीस छापील कागद सहीसाठी पडलेले. ‘वस्तू तपासली, मोजली, ठीक आहे.’ तिने एकामागून एक सह्या ठोकल्या. न विचारता बांधता ना? मग न बघता सही घ्या!

एकच जोड राहिला होता, तोही तिने स्वतःच्या खणात कुलपात ठेवला होता म्हणून. लहान मुलाचे बूट. लोकर कुटून, थापून केलेल्या जाड नमद्याचे, खाली कातड्याचा तळ. संग्रहातला सगळ्यांत धाकटा जोड, आणि तिचा लाडका. निदान हा तरी नीट मोजू म्हणून तिने कॅलिपर लावला.

डाव्या बुटाची टाच, बाहेरची बाजू. कार्डावर अकरा मिलिमीटर. कॅलिपर सात दाखवत होता.

तिने तो पुसून परत लावला. सात. उजवा बूट मोजला, तो दहा. कार्डावर तिच्याच वळणदार अक्षरात अकरा लिहिलेलं होतं, गेल्या वर्षी अकरा, त्याच्या आधी अकरा, चौदा वर्षं नुसते अकरा. पहिला अकरा तिने खरंच मोजला होता. बाकीचे सगळे मागील पानावरून पुढे चालू. तिच्या कामात कुणीही हेच करतं. कुलूपबंद खणातला जोडा झिजणार कुठे? तारीख बदलायची, आकडा उतरवायचा आणि चहाला जायचं.

चार मिलिमीटर कातडं काही हवेत विरत नाही. लवंगीला आधी राग आला तो स्वतःचा, आणि स्वतःचा राग तिला फार वेळ सोसत नसे. तिने तो उचलून साहेबाकडे नेला.

२

जिन्यावर सुतारकाका भेटले. खोकी बनवणारा हा म्हातारा संग्रहालयात तिच्याही आधीपासून होता, आणि तिच्या तोंडाला न भिणारा एकटाच.

“काका, माझ्या खणाची किल्ली आणखी कुणाकडे आहे?”

“तुझ्याकडे आणि देवाकडे. का गं?”

“कुणीतरी ते छोटे नमद्याचे बूट घालून हिंडतंय.”

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. “सात वर्षांच्या पोराचे बूट? कोण घालणार? साहेब?”

“चेष्टा नको. टाच घासलीय. बाहेरच्या बाजूने.”

“किडा लागला असेल.”

“किडा काय एकाच टाचेवर चालतो? कातडं खाल्लेलं नाही काका, घासलंय. रोज चालून घासतं तसं. कडा गुळगुळीत आहेत.”

काकांनी ‘बाई, तापातून उठलीस, जरा दमाने घे’ असं म्हटलं आणि तिला ते झोंबलं.

साहेब फोनवर होता. तो सोळा वर्षांपूर्वीही फोनवरच असायचा, फक्त तेव्हा केस काळे होते. तिने कार्ड आणि कॅलिपर त्याच्या टेबलावर आपटले. तो बोलणं संपवून शांतपणे म्हणाला, “कॅलिपर जुना झालाय. नवा मागवा.”

“कॅलिपर जुना झाला तर उजवा बूट दहा कसा दाखवतो?”

“मग कार्ड चुकलं असेल. कार्ड कोण लिहितं?”

इथे मात्र लवंगीने कार्ड स्वतःकडे ओढून त्यावर हात ठेवला. साहेबाने ते पाहिलं. त्याला असल्या जागा बरोबर सापडत.

“करार एकेचाळीसचा आहे, बाई. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस. उद्या दुपारी ते बूट फोटोवाल्याकडे जातील, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी. गुरुवारी ट्रकमध्ये. तुम्ही कागदावर सात लिहा, सही करा, विषय संपला.”

ती दाराबाहेर पडली तेव्हा तो कारकुनाला म्हणाला, फार हळू नाही, “पायातली वहाण पायातच बरी.”

ती तशीच मागे फिरली. “वहाण झिजली की अनवाणी कोण होतं ते कळेल, साहेब,” ती म्हणाली. कारकुनाने खाली बघून हसू गिळलं. तिला मात्र हसू येत नव्हतं. 

३

घरात दोघीच. नवऱ्याने पोरगी तीन वर्षांची असताना काढता पाय घेतला, त्याला आता अठरा वर्षं झाली. पोरीला सगळे ठकी म्हणत. गोबरी, बुटकी, चापून वेणी घातलेली, लहानपणी खरंच बाहुलीसारखी दिसायची, म्हणून ठकी. आता ती एका मोठ्या औषधांच्या दुकानात कामाला होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उभं राहायचं, फळ्यांपासून गिऱ्हाइकापर्यंत आणि गिऱ्हाइकापासून फळ्यांपर्यंत येरझाऱ्या घालायच्या.

त्या संध्याकाळी लवंगी दारात चपला काढायला वाकली आणि तिची नजर ठकीच्या चपलांवर गेली. रोज जायची, पण आज तिने त्या उचलल्या.

ठकीला चपला पुरतात, ही घरातली जुनी थट्टा. लवंगी वर्षाला दोन जोड फाडायची, ठकीला एकच जोड चार-चार वर्षं जायचा. ‘माझी पोरगी गुणी आहे, चालतेसुद्धा काटकसरीने,’ असं लवंगी शेजारणींना सांगायची. शाळेतही तिचे बूट लहान व्हायचे, झिजायचे कधीच नाहीत. धाकट्या भाच्यांना ते नवेकोरे म्हणून दिले जायचे.

तिने चप्पल उलटी केली. चार वर्षं घातलेली. तळावर कारखान्याचा शिक्का होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. नक्षीच्या कडा बोटाला टोचत होत्या.

“माझी चप्पल हुंगतेस काय?” ठकी आतून म्हणाली.

“आज किती चाललीस?”

“विचारू नकोस. पोटऱ्या भरून आल्यात.”

“इकडे ये. नाही, थांब. तिथून इथपर्यंत चालत ये.”

“आई, मला भूक लागलीय.”

“चालत ये म्हणते ना!”

ठकी आली. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत. लहानपणी घोटा मुरगळला होता, तेव्हापासून ती तशीच चालते, टाचेची बाहेरची कड आधी टेकवून. लवंगीने ते इतकी वर्षं पाहिलं होतं. पण आज ती बघत नव्हती, ऐकत होती. फरशीवर अनवाणी, चांगली भरलेली, साठ किलोची पोरगी चालत आली आणि खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज झाला नाही. मांजरीच्या पावलांची आहे, असं त्या दोघी नेहमी म्हणत. कौतुकाने म्हणत.

“झालं? जेवू आता?” ठकी म्हणाली.

“जेव,” लवंगी खेकसली. आणि स्वतः न जेवता गॅलरीत जाऊन उभी राहिली. पोरीवर उगाच ओरडलो म्हणून तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

४

मंगळवारी तीन वाजता कारकून नमद्याचे बूट डब्यात घालून गाडीने फोटोवाल्याकडे घेऊन गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला. सव्वातीनला औषधांच्या दुकानातून फोन आला. ठकी शिडीवरून पडली होती. लागलं फारसं नव्हतं, पण डावं पाऊल तिला जाणवत नव्हतं.

लवंगी धावत पोहोचली. ठकी काउंटरच्या मागे खुर्चीवर बसून रडत होती, हुंदके देऊन नव्हे, चिडून. “मेला पाय आहे की लाकूड? चिमटा काढ. काढ ना! काही कळत नाही.”

दुकानाच्या मालकाने शीर दबली असेल म्हणून गोळी दिली. दोघी तशाच बसल्या. पाचच्या सुमाराला ठकी एकदम म्हणाली, “आल्या. मुंग्या आल्या,” आणि पाऊल हलवून हसली.

लवंगीने कारकुनाला फोन केला. बूट परत आले का? हो, हे काय, आत्ताच पोहोचलो, जिना चढतोय.

माणसाचं डोकं मोठं हुशार असतं. लवंगीच्या डोक्याने घरी येईपर्यंत चार कारणं शोधून ठेवली: शीर, उपाशीपोटी काम, योगायोग, तिचा स्वतःचा ताप. चारही चांगली होती. पण त्यांच्या खाली एक दिवस चौदा वर्षं गुपचूप पडून होता आणि आता तो उठून बसला.

या कामातला पहिला धडा एकच: संग्रहातली वस्तू अंगावर चढवायची नाही. टोपी डोक्याला लावून बघायची नाही, अंगठी बोटात सरकवायची नाही, जोड्यात पाय घालायचा नाही. का, ते कुणी सांगत नाही. घाम लागतो, टाके उसवतात, इतकंच. लवंगीने तो धडा एकदाच मोडला होता. पायातलं सगळं तेव्हा नुकतंच आलं होतं, खोलीत जमिनीवर चादरी अंथरून एकेचाळीस जोड मांडले होते. शाळेला सुट्टी, म्हणून सात वर्षांची ठकी बरोबर. नमद्याचे बूट चालताना कुठे वाकतात ते साहेबाला संध्याकाळपर्यंत हवं होतं, त्याप्रमाणे आतला आधार बनवायचा होता. इतक्या घाईत कसं कळणार? तिने समोर बघितलं. बूट सात वर्षांच्या मुलाचे, आणि पोरगी सात वर्षांची.

“ठके, हे घाल आणि दहा पावलं चाल. दहाच हं. मोजून.”

ठकी मोजत चालली होती. बूट घोट्यापाशी वाकले, लवंगीने खुणा टिपल्या, काम झालं. मग फोन आला, साहेबाचा, आणि ती बाहेर बोळात जाऊन त्याच्याशी भांडत बसली.

बस. इतकंच झालं होतं. दहा पावलं.

५

बुधवारी ठकीला तिने सक्तीने घरी ठेवलं. सकाळी अकराला खोलीचं दार आतून लावलं, नमद्याच्या बुटांच्या खणासमोर स्टुलावर बसली आणि घरी फोन केला.

“काय गं? मी झोपलेय.”

“फोन कानाला लावून ठेव. आता ऊठ आणि दारापर्यंत जा.”

“कुठल्या दारापर्यंत?”

“स्वयंपाकघराच्या. उलटं विचारू नकोस.”

खाट करकरली. ते फोनमध्ये ऐकू आलं. त्यानंतर फोनमध्ये काहीच ऐकू आलं नाही. आवाज खणात झाला. धप. धप. धप. जाड नमद्याचा, लाकडावर पडल्यासारखा, बसका.

“थांब!”

खण थांबला.

“थांबले. आई, तुझं काय चाललंय?”

“परत खाटेकडे जा. हळू.”

धप. आणि बऱ्याच वेळाने धप. शेजारच्या खोलीतूनही ठोकाठोकी ऐकू येत होती, खटखट, सरसर, टकटक, सगळं एकदमच. “काका, दोन मिनिटं गप्प बसा!” ती भिंतीकडे तोंड करून ओरडली. मग तिने किल्ली फिरवून खण चार बोटं बाहेर ओढला.

बूट जागच्या जागी होते. आत कागदी बोळे ठासून भरलेले. डाव्या बुटाचा घोटा वाकला. तिनेच चौदा वर्षांपूर्वी टिपून घेतलेल्या सुरकुतीवर वाकला, टाच वर उचलली गेली, चवड्यापाशी नमदा ताणला गेला आणि आतला कागद चुरचुरला. मग टाच खाली आली. बाहेरची कड आधी.

लवंगीने खण धाडकन लावला.

ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत जे काही तिच्या वाट्याला आलं त्याच्यावर ती ओरडतच आली होती, पण आत्ता तिला ओरडायला माणूस हवा होता. ती दार उघडून तरातरा शेजारच्या खोलीत गेली, निदान सुतारकाकांना तरी झापावं म्हणून. खोलीत खोक्यांच्या थप्प्या होत्या, सगळ्या खिळे मारून पक्क्या केलेल्या. काका नव्हते. हातोडी खिडकीत पडलेली. ते खाली चहाला गेलेत, असं झाडूवाली म्हणाली. नेमके आत्ताच गेले, लवंगीने मनाशी म्हटलं, आणि साहेबाच्या खोलीकडे वळली.

साहेबाला तिने खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने तिला सुट्टीवर पाठवलं असतं आणि बूट ट्रकमध्ये. तिने सांगितलं की कातडं कुजलंय, प्रवास झेपणार नाही, जोड रद्द करा. मग हात जोडले. सोळा वर्षांत तिने या माणसापुढे हात जोडले नव्हते.

“मुखपृष्ठावर आहेत ते,” साहेब म्हणाला. “एकेचाळीस, बाई.”

“तुमची मुलगी असती तर—”

“यात मुलीचा काय संबंध?”

तिने जोडलेले हात खाली घेतले. ते तिला आता कुणा दुसऱ्याचे वाटत होते, इतके ते हलके पडले होते. “काही नाही,” ती म्हणाली. “तुमचे एकेचाळीस तुम्हाला लखलाभ.”

६

गुरुवारी सकाळी लवंगीने आयुष्यातली पहिली चोरी केली. नमद्याचे बूट जुन्या शालीत गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घातले आणि एकेचाळिसाव्या डब्यात तेवढ्याच वजनाचा पुठ्ठा आणि कागद ठासला. सुतारकाकांनी वरचं लाकूड खिळ्यांनी बंद केलं. त्यांनी डबा हातात घेताना क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

नोकरी गेली तर गेली. थोड्याच दिवसांत कुठल्यातरी परक्या शहरात ते खोकं उघडेल आणि आत रद्दी निघेल, तेव्हा साहेबाचा चेहरा कसा होईल, हा विचार तिला इतका गोड लागला की ती जिना उतरताना चक्क गुणगुणत होती. जिंकल्यासारखं वाटत होतं. राग होताच, पण आता तो तिच्या बाजूने होता.

ठकीला तिने दुपारी संग्रहालयात बोलावून घेतलं होतं. पोरगी आणि बूट एका जागी, डोळ्यांसमोर असलेले बरे. ठकी बसने आली, मागच्या अंगणात एका रिकाम्या खोक्यावर टेकली. समोर ट्रक उभा. हमाल शेवटची खोकी चढवत होते.

“पायाचं काय?”

“झकास. बघ.” ठकीने दोन्ही पाय झुलवले. “मला उगाच रजा टाकायला लावलीस. आता सांगशील का काय नाटक आहे ते?”

लवंगीने आजूबाजूला पाहिलं आणि पिशवीतून शाल काढली. शालीतून बूट. सांगायचं कसं हे तिने ठरवलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “हे आता आपल्या घरी राहणार. तू म्हातारी होईपर्यंत. कुणी नेणार नाही.”

ठकी हसली. “अय्या, हे! हे माझे सगळ्यांत नावडते. कसले उकडत होते.”

“सगळ्यांत म्हणजे?”

“म्हणजे त्या सगळ्यांत. मला लाकडी आवडलेले. आणि ते शिंपल्यांचे, उंच, त्यांत तर मी कपाटाला धरून चालले होते. पेंढ्याचे टोचले.”

ट्रकचं मागचं दार बंद झालं. हमालाने कडी घातली.

“तू ते कधी घातलेस?” लवंगीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“त्याच दिवशी. तू बाहेर बोळात साहेबांशी भांडत होतीस ना. तासभर! मला केवढा कंटाळा आला. मग मी सगळे घातले, एकामागून एक. मोठे होते ते नुसते ओढत नेले.” ठकी शहाण्या मुलीसारखं म्हणाली, “पण जास्त नाही हं चालले. तू सांगितलं होतंस तशी, प्रत्येकात मोजून दहा.”

एक जोड शहराच्या पलीकडे गेला होता, तर दोन तास पोरीचं पाऊल मेलं होतं. लवंगीने ट्रककडे पाहिलं. आत चाळीस होते, तिने स्वतः न बघता सह्या ठोकलेले.

ट्रक सुरू झाला.

७

तिच्या हातून बूट पडले. ती धावली. “थांबव! अरे मेल्या, थांबव!” ट्रक फाटकाकडे वळत होता. तिने मागच्या दारावर दोन्ही मुठींनी बडवलं, कडी ओढली, कडीला शिक्क्याची तार होती, ती तिच्या बोटांत घुसली. “उघडा! माझी पोर आहे आत!” हमाल तोंडाकडे बघत राहिले. वर खिडकीत साहेब आला, कानाला फोन. तिने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या त्या अंगणाने कधी ऐकल्या नव्हत्या. त्याने फोनवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला, चल, चल, अशी खूण केली.

ट्रक फाटकाबाहेर पडला. लवंगीचा श्वास संपला. पन्नाशीची बाई ती, किती धावणार? तिने मागे वळून जिवाच्या आकांताने हाक मारली.

“ठके! ऊठ! धाव, त्याला आडवी जा! धाव!”

“आले!” ठकी म्हणाली.

आणि धावण्याचा आवाज झाला. ट्रकमध्ये झाला. लाकडी जोड्यांचा खडखडाट, पेंढ्याची सरसर, कातड्याच्या तळांची थपथप, उंच खडावांची टकटक, सगळे एकाच चालीने, डावं पाऊल जरा बाहेर टाकत. लाकडाच्या आत, खिळ्यांच्या आत, चाळीस जोड जिवाच्या करारावर धावत होते आणि ट्रक रस्त्याला लागून लांब लांब जात होता. अंगणात पडलेले छोटे नमद्याचे बूट तेवढे दगडावर धपधपले. मग तेही थांबले.

ठकी खोक्यावर बसलेली होती. पाय खाली लोंबत होते, चपलांतून सुटल्यासारखे. तिचा चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ती आईकडे बघत होती, चिडून, जशी लहानपणापासून बघायची.

“येतेय ना!” ती धापा टाकत म्हणाली. “धावतेच आहे मी. ओरडतेस काय?”